आधी सुई-दोरा द्या, कहाणी मागू नका

कोकणात दर दोन-चार पावसाळ्यांनी कुठे ना कुठे माणसं एका रात्रीत उघड्यावर येतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. प्रत्येक वेळी मदत धावून आली आणि ती मनापासून आली, याबद्दल मला शंका नाही. घाट उतरून ट्रक येतात, शाळेच्या वर्गांत सतरंज्या पडतात, तांदूळ-डाळ-तेल वाटलं जातं. मग मोबाईल पुढे होतात. "ताई, नेमकं काय झालं ते सांगा ना." ताई सांगते. तासाभरानं दुसरे येतात, तिला पुन्हा सांगावं लागतं. चार-सहा महिन्यांनी कधीतरी शिवणयंत्रं येतात, प्रशिक्षण होतं, शहरातल्या प्रदर्शनात एक टेबल मिळतं आणि त्यावर पाटी लागते: आपद्ग्रस्त भगिनींनी बनवलेल्या वस्तू.

हा क्रम उलटा आहे, असं माझं म्हणणं आहे. हाताला काम पहिल्या आठवड्यात मिळायला हवं. आणि कहाणी मागायचीच नाही. ज्याला सांगायची असेल तो आपली वेळ झाली की, आपल्याला हवी तशी सांगेल. विसाव्या शतकात ज्यांचा युद्धाच्या नावाखाली छळ झाला, ज्यांना घरातून उचलून तारेच्या कुंपणाआड टाकलं, त्यांनी हातांनी जे केलं ते पाहिलं की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. जपानी सैन्यानं तिथल्या ब्रिटिश आणि इतर युरोपीय नागरिकांना चांगीच्या तुरुंगात कोंडलं. सुमारे ४०० बायका-मुलं एका भागात, पुरुष दुसरीकडे. नवरा जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, चिठ्ठी धाडायला बंदी. तेव्हा एथेल मुलव्हानी नावाच्या कॅनडाच्या बाईंनी इस्पितळातल्या जखमींसाठी गोधड्या शिवायची कल्पना काढली. एक गोधडी ब्रिटिश सैनिकांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी आणि परवानगी मिळावी म्हणून एक जपानी जखमींसाठी. प्रत्येक गोधडीत ६६ चौकोन. प्रत्येक बाईला कापडाचा एक चौकोन दिला आणि सांगितलं की यात तुझं स्वतःचं काहीतरी घाल, खाली नाव टाक. कुणी फुलं भरली, कुणी जहाज, कुणी आपली कोठडीच. पहारेकऱ्यांना ते साधं भरतकाम दिसलं. पलीकडच्या पुरुषांना मात्र नावं दिसली आणि आपली बायको जिवंत आहे हे कळलं. त्यातल्या दोन गोधड्या आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत.

मला या प्रसंगात निरोप पोचला यापेक्षाही वेगळं काहीतरी मोलाचं वाटतं. काय सांगायचं, किती सांगायचं आणि कुणाला सांगायचं, हे त्या चौकोनापुरतं तरी त्या बाईच्या हातात होतं. बाकी सगळं, म्हणजे जेवण, झोप, अंघोळीचं पाणी, दुसऱ्याच्या हुकमावर चालत होतं.

गोधडीचा हा गुण आपल्याकडच्या कुठल्याही आजीला समजावून सांगावा लागणार नाही. जुनी लुगडी, सासऱ्याचं धोतर, मुलाचा आखूड झालेला शाळेचा सदरा, सगळं एकावर एक अंथरून धावदोरा घालत जायचं. कुणाचा कपडा कुठल्या थरात आहे हे शिवणारीला पाठ असतं. पांघरणाऱ्याला ते माहीत असायची गरज नसते. त्याला ऊब मिळते. थरांत काय आहे ते कळायचा हक्क त्याला त्यामुळे मिळत नाही, आणि आजवर कुणी तो मागितलेलाही नाही.

त्याच फेब्रुवारीत, १९ तारखेला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक हुकूम काढला. त्या हुकमानं पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं, शेतं, दुकानं सोडून १० छावण्यांत नेण्यात आलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. बरोबर न्यायचं ते दोन हातांत मावेल तेवढंच. युटातली टोपाझ आणि कॅलिफोर्नियातली ट्यूल लेक या छावण्या जुन्या, आटलेल्या तळ्यांच्या जमिनीवर उभारल्या होत्या. तिथल्या मातीत बारीक शिंपले सापडायचे. लोकांनी ते खणून काढले, चाळले, धुतले, आकारानं वेगळे केले, नखरंगानं रंगवले आणि त्यांचे पदकासारखे दागिने केले. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला शिंपल्यांचं काही कौतुक उरलेलं नाही. मालवणात किंवा गणपतीपुळ्याला दुकानांत शिंपल्यांचे आरसे आणि गणपती टांगलेले असतात, पर्यटक घेतात आणि जातात. पण वाळवंटात, समुद्रापासून शेकडो मैल आत, तारेच्या आड बसून कुणी नखाएवढ्या शिंपल्यांतून पाकळी लावत असेल, तर त्या कामाचं वजन वेगळं होतं.

त्या दागिन्यांत फुलं आहेत, पानं आहेत, पक्षी आहेत. काटेरी तार नाही. ११ एप्रिल १९४३ ला टोपाझमध्ये जेम्स वाकासा नावाच्या वृद्ध माणसाला पहारेकऱ्यानं गोळी घालून मारलं. अंत्यविधीला ताजी फुलं नव्हती, म्हणून बायकांनी कागदाची फुलं करून मोठमोठी पुष्पचक्रं बांधली. निषेधाचा एकही शब्द त्या चक्रांवर लिहायची गरज पडली नाही. हात काय करत होते ते सगळ्यांना दिसत होतं.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. छावण्यांतल्या हस्तकलेवर अभ्यास करणाऱ्या ॲलन ईटन या माणसाला अनेकांनी आपल्या वस्तू देऊन टाकल्या होत्या, कारण त्याला त्यांचं प्रदर्शन भरवायचं होतं. तो वारला, वस्तू हातोहात फिरल्या आणि २०१५ मध्ये न्यू जर्सीतल्या एका लिलावघरात सुमारे ४५० वस्तू बोलीला निघाल्या. छावणीत राहिलेल्यांची मुलं-नातवंडं पेटून उठली. लिलाव थांबला आणि तो संग्रह लॉस एंजेलिसच्या जपानी-अमेरिकी संग्रहालयाकडे गेला. त्या नातवंडांचा राग मला पूर्ण पटतो. आजीनं कुणाला तरी विश्वासानं दिलेली वस्तू 'छावणीतली' म्हणून महाग विकली जाणार होती. त्या किमतीत तिच्या कारागिरीचा वाटा किती आणि तिच्या यातनेचा किती, हे कुणीच सांगू शकलं नसतं.

प्रदर्शनातली 'आपद्ग्रस्त भगिनी' ही पाटी मला याच लिलावाची धाकटी बहीण वाटते. हेतू चांगला असतो, मला ठाऊक आहे. पण ती पाटी गिऱ्हाइकाला सांगते की ही पिशवी शिवण बघून घेऊ नका, दया आली म्हणून घ्या. दया एका मोसमापुरती येते. पुढच्या दिवाळीला दुसरीकडे कुठे तरी पूर आलेला असतो आणि हिची पिशवी कुणी उचलत नाही.

आता हातकामानं नेमकं होतं काय, हा प्रश्न. मोठा आघात झालेल्या माणसाची झोप उडते, अंग सतत सावध राहतं, तोच प्रसंग डोळ्यांपुढे परत परत येतो. शिवण, वीण, विणकाम, भरतकाम यांना एकाच वेळी दोन्ही हात, डोळे आणि मोजणी लागते. पुढचा टाका कुठे पडणार हे आधी माहीत असतं, आणि ज्याच्या आयुष्यात पुढच्या तासाचाही भरवसा राहिलेला नाही त्याला एवढी खात्रीही पुष्कळ असते. शिवाय संध्याकाळी काहीतरी पुरं झालेलं हातात उरतं. पहिल्या महायुद्धाच्या इस्पितळांत जखमी आणि भेदरलेल्या सैनिकांना टोपल्या विणायला, लाकूड कोरायला, भरतकाम करायला बसवलं जाई. आज ज्याला व्यवसायोपचार म्हणतात तो व्यवसाय त्या काळातच आकाराला आला. लंडनमध्ये अर्नेस्ट थेसिजर या नटानं, जो स्वतः युद्धात जखमी झाला होता, १९१८ मध्ये अपंग सैनिकांकडून भरतकाम करवून घेणारी संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. खंदकांतून आलेले दांडगे पुरुष सुई-दोरा घेऊन बसत आणि त्यांचं काम विकलं जाई.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे हस्तकला म्हटली की बचतगट आणि बचतगट म्हटला की बायका, असं समीकरण झालंय. निवाऱ्यात पुरुषांच्या हातांचा विचारच होत नाही. बायका निदान चुलीशी, पोरांशी गुंतलेल्या असतात. पुरुष ओट्यावर बसून राहतो, आणि होडी गेली, बाग गेली, कर्ज राहिलं हेच घोळवत राहतो. किनाऱ्यावरचा गाबीत, खारवी किंवा कोळी पुरुष जाळं विणतो आणि दुरुस्त करतो, त्याच्या बोटांत ती कला जन्मापासून आहे. आतल्या गावांत बुरूड सुपं, रोवळ्या, हारे विणतो. जाळ्याचा धागा आणि बांबूच्या कामट्या निवाऱ्यात पोचवणं अवघड नाही.

इथे कुणी म्हणेल, युद्धातला छळ कुठे आणि पूर कुठे. फरक मोठाच आहे आणि तो पुसायचा नाही. दरड कुणाचा द्वेष करत नाही. छावणीत माणसाला माणसानं ठरवून, त्याचं नाव-गाव-वंश बघून हीन केलेलं असतं. ती जखम वेगळीच. पण छावणीचा एक भाग मदतीच्या निवाऱ्यातही नकळत शिरतो: रांग, यादी, क्रमांक, आणि दुसऱ्यानं दिलेलं दुसऱ्याच्या वेळेला खाणं. माणूस कर्ता राहत नाही, घेणारा होतो. चेक प्रदेशातल्या तेरेझिनच्या नाझी छावणीत फ्रीड्ल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार मुलांना चित्रकला शिकवत असे. कागद मिळत नव्हता, तेव्हा मुलं जुन्या, लिहिलेल्या कागदांच्या पाठीवर काढत. प्रत्येक चित्रावर मुलानं आपलं नाव लिहायचं, असा तिचा आग्रह. जिथे माणसाला क्रमांकानं ओळखत तिथे हा आग्रह. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला नेऊन मारलं. मागे दोन पेट्यांत सुमारे ४,५०० चित्रं राहिली. त्या मुलांतली बहुतेक वाचली नाहीत, म्हणून कलेनं त्यांना वाचवलं असं खोटं मी लिहिणार नाही. पण जगत होती तोवर त्या तासात ती मुलं क्रमांक नव्हती.

आपल्या किनाऱ्याला परागंदा माणसांची सवय जुनी आहे. बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाच्या परंपरेत सांगतात की त्यांचे पूर्वज छळापासून पळून येत असताना अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. हे इतिहास म्हणून सिद्ध करता येत नाही, परंपरा म्हणूनच घ्यावं. पण त्यानंतरचं सगळं जाणतात: ते रायगडच्या गावागावांत तेलाचा घाणा चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हटले गेले, मराठी बोलू लागले, नागावकर-पेणकर अशी आडनावं लावू लागले. शतकानुशतकं शेजाऱ्यांनी त्यांना तेलावरून आणि शनिवारावरून ओळखलं. याचं फार गोड चित्र काढायलाही नको, कारण गावानं त्यांना जागा दिली ती जातीच्या उतरंडीतली एक पायरी म्हणूनच. तरीही एक गोष्ट खरी. गावात राहायला मिळावं म्हणून आपल्या पूर्वजांवर काय गुजरलं ते दारोदार सांगायची पाळी त्यांच्यावर आली नाही. तेल चांगलं होतं, तेवढं पुरलं.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात जड आक्षेप असा: गप्प राहिलं तर न्याय कसा मिळणार? शिंपल्यांच्या फुलांनी अमेरिकेचं सरकार माफी मागायला आलं नाही. हे खरं आहे. १९८१ मध्ये चौकशी आयोगापुढे ७५० हून अधिक माणसांनी उभं राहून सांगितलं, तेव्हा कुठे १९८८ चा कायदा झाला, माफी झाली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर मिळाले. न्यायासाठी बोलावंच लागतं. पण वर्षं मोजा. छावण्यांनंतर साधारण चाळीस वर्षांनी ती माणसं बोलली, कित्येकांनी तोवर पोटच्या मुलांनाही काही सांगितलं नव्हतं. बोलली तीही अशा ठिकाणी, जिथे ऐकणाऱ्याला काही करायचा अधिकार होता. आपण निवाऱ्यात तिसऱ्या दिवशी जे विचारतो त्यातून कुठला कायदा होतो?

बांगलादेशाचं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. १९७१ च्या युद्धात अत्याचार झालेल्या बायकांना नव्या सरकारनं वीरांगना म्हणून गौरवलं आणि १९७२ पासून पुनर्वसन केंद्रं काढून शिवण, हस्तकला शिकवली. काम आणि नाव एकदम दिलं. काम उपयोगी पडलं. पुढच्या काळात नक्षी कांथाला, म्हणजे धावदोऱ्यानं भरलेल्या तिथल्या गोधडीला, तिथे जी नवी उभारी आली, १९७८ मध्ये 'आडंग' सारखी विक्रीकेंद्रं निघाली, त्यातून खेड्यातल्या असंख्य बायकांच्या हातांत पैसा आला. नावाचं मात्र ओझं झालं. गौरवासाठी दिलेला तो शब्द गावात बोट दाखवायला वापरला गेला आणि कित्येकींनी तो आयुष्यभर लपवला. त्यांना स्वातंत्र्यसैनिकाची सरकारी मान्यता मिळायला २०१५ उजाडलं. शिवण शिकवणाऱ्यांनी ओळख न मागता शिकवलं असतं, तर त्यांतल्या काहींना तरी निवांतपणे जगता आलं असतं.

याच्या उलट टोक बोस्नियात आहे. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिकात ८,००० हून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. तुझ्ला शहरात आसरा घेतलेल्या बायकांनी विणकाम सुरू केलं आणि पुढे मेलेल्यांची नावं एकेका चौकोनात विणून मोठे गालिचेवजा पट तयार केले. त्यांनी सगळं सांगितलं, नावानिशी सांगितलं. मला त्यात विसंगती दिसत नाही. विणायला बसल्या तेव्हा कुणी त्यांना विषय दिला नव्हता. बोलायचं हे त्यांनी ठरवलं, जसं गप्प राहायचं हे टोपाझच्या बायकांनी ठरवलं.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो शेवटी येतो म्हणून लहान नाही. कमलादेवी चट्टोपाध्याय याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, मंगळुरूत, १९०३ मध्ये जन्मल्या. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेले निर्वासित दिल्लीजवळ तंबूंत राहत होते. त्यांना नुसता शिधा वाटत राहण्याला कमलादेवींचा विरोध होता. त्यांनी १९४८ मध्ये सहकारी संघ उभा केला आणि फरिदाबादच्या उभारणीत निर्वासितांच्याच हातांना काम मिळावं हा आग्रह धरला. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ निघालं तेव्हा त्याच्या प्रमुखपदी त्याच होत्या. कारागिराला बाजार हवा, नियमित मागणी हवी, कच्चा माल वेळेवर हवा, हे त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या. आपल्याकडे सावंतवाडीत हे झालेलं आपण पाहिलंय. चितार आळीतली लाखकाम आणि गंजिफांची, म्हणजे हातानं रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांची, कला बुडत चालली होती. तिथल्या राजघराण्यातल्या सत्वशीलादेवी भोसले आणि त्यांच्या घरानं राजवाड्यातच चित्रकार बसवले, शिकवलं, काम देत राहिले. दशावतारी गंजिफाचा १२० पानांचा संच आज कुणी दया म्हणून घेत नाही. घेणारा रंगकाम बघतो, किंमत विचारतो, परवडली तर घेतो.

तेव्हा कोकणातल्या प्रत्येक तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात निवाऱ्याच्या सामानाच्या यादीत सुया, जाड दोरा, कात्र्या, अंगुस्तानं, जाळ्याचा धागा आणि कोयते असावेत, अशी माझी मागणी आहे. खर्च नगण्य आहे. कापड तर आपोआप येतं. प्रत्येक पुरानंतर शहरांतून जुन्या कपड्यांचे ढीग येतात, निम्मे कुणाला होत नाहीत, पावसात भिजतात आणि शेवटी कचरा म्हणून उचलावे लागतात. त्याच ढिगातून गोधड्या होतील, आणि पुरात पहिली नासते ती घरातली गोधडीच. चिखलपाणी प्यालेली गोधडी दोघांनाही उचलत नाही, ती फेकूनच द्यावी लागते. वादळात माड पडले तर झावळ्या अंगणातच पडलेल्या असतात: झाप विणता येतात, हीर काढून केरसुण्या बांधता येतात. पहिल्या आठवड्यात हे सगळं स्वतःच्या घरासाठी करायचं, विकायला नाही. सक्ती कुणावर नाही, जो नुसता झोपून राहील त्याला झोपू द्यावं. निवाऱ्यात काम देणारी व्यक्ती शक्यतो त्याच गावची असावी, म्हणजे जिला आधीच सगळं ठाऊक आहे आणि काही विचारायची गरज नाही.

विकायची वेळ येईल तेव्हा दर ठरवताना टाक्यांचे तास मोजा, नुकसानीचा पंचनामा नको. एका दुहेरी गोधडीला किती दिवस लागतात हे शिवणाऱ्या बाया बसून अर्ध्या तासात सांगतील, तालुक्याच्या मजुरीनं गुणायचं, त्यात दोऱ्याचा खर्च घालायचा. आणि पाटीवर करणारीचं नाव, गाव, कामाचा प्रकार लिहायचा, तोही तिला चालत असेल तर. 'आपद्ग्रस्त' हा शब्द तिनं स्वतः सांगितल्याशिवाय लिहायचा नाही. प्रदर्शनं भरवणाऱ्या संस्थांना यासाठी कुठल्या शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही. येत्या दिवाळीच्या टेबलांवरून ती पाटी काढता येईल.